निवळशंख पाणी, पण निर्धोक?

पावसाळा सरून धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या की गडचिरोलीच्या डोंगरांतून वाहणारे नाले आपले रूप पालटतात. जुलै-ऑगस्टमध्ये तांबूस लोंढे घेऊन धावणारे पाणी कार्तिकात इतके निवळते, की तळातला खडा न् खडा मोजता यावा. धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत जंगलातली पायवाट धरली की असा एखादा नाला आडवा येतोच. पाणी थंड आणि चवीला गोड असते. गावात हातपंप असतो. विदर्भात त्याला ‘बोरिंग’ म्हणतात. पण कित्येक ठिकाणी बोरिंगच्या पाण्याला लोखंडाची चव असते. भरून ठेवलेल्या गुंडाच्या तळाशी तांबूस थर बसतो, भाताचा रंग बदलतो, डाळ लवकर शिजत नाही. मग घरातली बाई गुंड उचलून नाल्याची वाट धरते.

तिच्या या निर्णयाला अडाणीपणा म्हणता येणार नाही. डोळ्यांना जे दिसते आणि जिभेला जे कळते, त्यावरून तिने दोन पाण्यांची तुलना केलेली असते आणि त्या कसोटीवर नाला जिंकतो. अडचण एवढीच, की माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत. नाल्याच्या पाण्यात नेमके काय असते, ते कोठून येते आणि त्याचे काय करायचे, याचा शोध घ्यायचा तर पाण्याकडे पाहून भागत नाही. ते पाणी ज्या डोंगरावरून आले, त्या डोंगराकडे पाहावे लागते.

डोंगर, नाला आणि नदी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. प्रशासनाने सीमा आखली, तरी पाण्याच्या दृष्टीने हा सारा मुलूख एकच आहे. पश्चिमेकडची वर्धा आणि उत्तरेकडून येणारी वैनगंगा या दोन नद्या चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांचे नाव प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क कसा तुटतो, याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात.

नकाशावर ठळक दिसतात त्या या मोठ्या नद्या. त्यांना पाणी पुरवतात कठाणी, गाढवी, खोब्रागडी, दिना, अंधारी, उमा, इरई अशा मधल्या नद्या. आणि या मधल्या नद्यांना पाणी मिळते ते नकाशावर नावही नसलेल्या शेकडो नाल्यांतून. भूगोलाचे अभ्यासक प्रवाहांची श्रेणी ठरवतात, तेव्हा डोंगरमाथ्यावरून उतरणाऱ्या आणि ज्याला दुसरा प्रवाह अजून मिळालेला नाही अशा नाल्याला पहिल्या श्रेणीचा प्रवाह म्हणतात. असे दोन नाले एकत्र आले की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की तिसरी. कोणत्याही नदीच्या जाळ्यात संख्येने सर्वांत जास्त असतात ते पहिल्या श्रेणीचे नाले. हाताच्या शिरा जशा बोटांच्या टोकाशी बारीक होत जातात आणि तेथेच खरी देवाणघेवाण चालते, तसेच हे आहे. नदीच्या पाण्याचे गुण मोठ्या पात्रात ठरत नाहीत. ते बऱ्याच अंशी डोंगराच्या कुशीतल्या या बारीक नाल्यांत ठरतात.

गडचिरोलीत पाऊस भरपूर पडतो. वर्षाची सरासरी साधारण १३०० ते १५०० मिलिमीटर. पण त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने नाला वाहतो तो जमिनीत मुरलेल्या आणि हळूहळू पाझरणाऱ्या पाण्यावर. पालापाचोळ्याची जाड गादी, मुळांनी सैल केलेली माती आणि भेगाळलेला खडक हे तिघे मिळून पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि पुढे महिनोन् महिने नाल्यात सोडतात. म्हणूनच जंगल शाबूत असलेल्या डोंगराखालचा नाला मार्चपर्यंत वाहतो, तर उघड्याबोडक्या टेकडीखालचा दिवाळीनंतर लगेच आटतो.

खडक बदलला की पाणी बदलते

आकाशातून पडणारे पाणी जवळजवळ सगळीकडे सारखेच असते. त्यात विरघळलेले क्षार अगदी थोडे असतात. जमिनीवर पडल्यावर मात्र ते कोणत्या मातीतून आणि खडकातून गेले, किती वेळ तेथे थांबले, यावर त्याचा स्वभाव ठरतो. या दोन जिल्ह्यांत खडकांचे इतके प्रकार जवळजवळ आहेत, की पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला ही जणू प्रयोगशाळाच मिळाली आहे.

गडचिरोलीचा बराचसा भाग ग्रॅनाइट आणि नाइस या अतिशय जुन्या, कठीण खडकांचा आहे. हे खडक पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यावरून झरझर उतरणाऱ्या नाल्याच्या पाण्यात क्षार कमी असतात. असे पाणी ‘मृदू’ असते. त्यात साबणाला फेस येतो आणि डाळ लवकर शिजते. घरातल्या बाईने जिभेवरून केलेले निदान येथे अगदी बरोबर ठरते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे साठे आहेत. तिथली माती तांबडी असते आणि पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यालाही तोच रंग चढतो.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, कोरपना या भागांत चुनखडक आहे. तिथले सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. चुनखडकातून आलेले पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार अधिक असतात. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर असलेले वाळूचे खडक आहेत. कोळशाबरोबर पायराइट नावाचे लोह आणि गंधकाचे खनिज असू शकते. जमिनीखाली असेपर्यंत ते स्वस्थ असते. खोदून वर आणल्यावर हवा आणि पाणी लागले, की त्यापासून आम्ल आणि सल्फेट तयार होतात. इरई नदी याच पट्ट्यातून वाहते. तिच्यावरच्या धरणातून चंद्रपूर शहराला आणि औष्णिक वीज केंद्राला पाणी मिळते. पुढे शहराजवळ तिला झरपट मिळते आणि मग इरई वर्धेला जाऊन मिळते. वरच्या अंगाला जंगलातून येणारे पाणी, मधे खाणी आणि खाली शहराचे सांडपाणी असा तिन्ही प्रकारांचा हिशेब या एका छोट्या नदीत वाचता येतो. झरपटमध्ये वाढणारी जलपर्णी ही त्या हिशेबातली डोळ्यांना दिसणारी एक नोंद. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हे तिचे खत.

वाहते पाणी आणि जुनी समजूत

वाहते पाणी शुद्ध असते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. डोंगरउतारावर दगडांवरून आपटत, फेसाळत जाणारे पाणी हवेतला प्राणवायू भरपूर घेते. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातपर्यंत उतरते. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची सावली असेल तर पाणी थंड राहते आणि प्राणवायू टिकतो. हा प्राणवायू वापरून सूक्ष्म जीव पाण्यातला पाला आणि घाण कुजवतात, तिचे विघटन करतात. नाला स्वतःला स्वच्छ करतो, असे म्हणतात ते या अर्थाने.

पण घाण कुजणे वेगळे आणि रोगजंतू मरणे वेगळे. एक साधा हिशेब करून पाहू. नाल्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर पाणी तासाला १८०० मीटर पुढे जाते. म्हणजे पाच किलोमीटर वरच्या टोल्याजवळ जे पाण्यात मिसळले, ते तीन तासांच्या आत खालच्या गावच्या घाटावर पोचते. विष्ठेतून आलेले जीवाणू मात्र पाण्यात एक ते काही दिवस सहज तग धरतात. काही विषाणू आणि परजीवींची कवचधारी रूपे त्याहून अधिक काळ. तीन तासांच्या प्रवासात ते मरत नाहीत. पाणी वाहते आहे, एवढ्यावर विसंबून ते पिणे म्हणजे वरच्या गावातला आजार खालच्या गावात येण्यासाठी वाट मोकळी ठेवणे.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा निकष याबाबत अगदी स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण अर्ध्या पेल्यात, ई. कोलाय हा जीवाणू एकही आढळता कामा नये. ई. कोलायच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. पण तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. पाण्यात तो सापडला, याचा अर्थ विष्ठा पाण्यात मिसळली आहे, आणि मग तिच्यासोबत अतिसार, कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. गुरे ज्या नाल्यावर पाणी पितात, वन्यप्राणी जेथे येतात आणि काठावर माणसे शौचाला जातात, त्या उघड्या नाल्यात हा निकष पाळला जाण्याची शक्यता फारच कमी. मग पाणी कितीही निवळशंख दिसो.

एकच नाला, तीन ऋतू

नाल्याचे पाणी वर्षभर एकसारखे नसते. त्याचे तीन स्पष्ट काळ पडतात आणि प्रत्येकाचा धोका वेगळा असतो.

पहिला काळ जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरींचा. उन्हाळाभर जमिनीवर साचलेले शेण, विष्ठा, राख आणि कुजका पाला हे सारे त्या सरींबरोबर एकदम नाल्यात उतरते. पाणी गढूळ होते. गढूळपणा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. मातीच्या कणांना चिकटून जंतू प्रवास करतात आणि क्लोरीनपासून लपतातही. म्हणून गढूळ पाण्यात औषधाचे थेंब टाकले, तरी त्यांचा पूर्ण परिणाम होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी अतिसाराच्या साथी का येतात, याचे एक मोठे कारण येथे आहे. याच दिवसांत नद्या भरतात, रस्ते बंद होतात आणि दवाखाना दूर जातो. लहान मुलाला जुलाब लागले, तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएसचे पाकीट घरात असणे हे या काळात जीव वाचवणारे ठरते.

दुसरा काळ ऑक्टोबर ते जानेवारीचा. पाणी स्वच्छ, थंड आणि सर्वांत मोहक असते. गढूळपणा गेला म्हणजे जंतू गेले असे नाही, पण दिसायला तसे वाटते. फसवणूक होते ती नेमकी याच काळात.

तिसरा काळ मार्च ते मेचा. प्रवाह तुटतो आणि नाला डोहाडोहांत विभागला जातो. डोहात पाणी तापते, प्राणवायू कमी होतो, गुरे आणि वन्यप्राणी त्याच डोहावर येतात. साचलेला पाला कुजून पाणी चहाच्या रंगाचे होते. हा रंग बहुतांशी पानांतल्या टॅनिनचा असतो आणि तो स्वतः तितका घातक नसतो. पण त्याच डोहात मासे पकडण्यासाठी विष टाकले गेले तर मात्र पिणाऱ्या सर्वांवरच संकट येते. या काळात लोक नाल्याच्या वाळूत खड्डा करून ‘झिरा’ काढतात. वाळूतून झिरपलेले पाणी उघड्या डोहापेक्षा चांगले, कारण वाळू ही नैसर्गिक गाळणी आहे. पण ही गाळणी पातळ असते. झिऱ्याच्या काठावर गुरे उभी राहत असतील किंवा धुणे चालत असेल, तर तिचा उपयोग उरत नाही.

डासालाही स्वच्छ पाणी आवडते

आरोग्याच्या दृष्टीने नाल्याचा आणखी एक पैलू आहे आणि तो पिण्याशी संबंधित नाही. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. त्यातही मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या फॅल्सिपेरम हिवतापाचे प्रमाण जास्त. डास म्हटला की गटार डोळ्यांसमोर येते, पण हिवताप पसरवणारे डास गटारात वाढत नाहीत. या जंगलपट्ट्यात दोन जाती महत्त्वाच्या आहेत. अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस ही जात उन्हातल्या स्वच्छ डबक्यांत, नदीपात्रात मागे राहिलेल्या पाण्यात, धानाच्या बांध्यांत अंडी घालते. दुसरी अ‍ॅनाफिलीस फ्लुविअ‍ॅटिलिस. या लॅटिन नावाचा अर्थच ‘नदीची’ असा होतो. तिला लागतो डोंगरपायथ्याचा संथ वाहणारा, स्वच्छ नाला. काठावरच्या गवतात जेथे प्रवाह मंदावतो, तेथे तिच्या अळ्या तग धरून राहतात.

पावसाळ्याच्या लोंढ्यात या अळ्या वाहून जातात. पाऊस थांबला, पाणी निवळले आणि संथ झाले, की पुन्हा वाढतात. म्हणजे ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाला सर्वांत सुंदर दिसतो, तोच काळ या डासाला अनुकूल असतो. त्यामुळे नाल्याजवळच्या वस्त्यांत कीटकनाशक भारित मच्छरदाणी पावसाळ्यापुरती न वापरता थंडीतही लावणे आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घेणे, याला पर्याय नाही. पाण्याचा स्वच्छपणा येथेही आरोग्याची खात्री देत नाही.

दोन पाणी, दोन धोके

मग नाला सोडून बोरिंगचेच पाणी प्यावे का? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे, पण एका तपासणीनंतर.

जमिनीखाली खोलवरून आलेले पाणी माती आणि खडकातून गाळून आलेले असते. पंपाभोवतीचा ओटा फुटलेला नसेल आणि सांडपाणी शेजारी मुरत नसेल, तर त्यात जंतू कमी असतात. पण तेच पाणी खडकात वर्षानुवर्षे थांबलेले असते आणि त्यामुळे त्यात क्षार अधिक विरघळतात. लोह हा त्यातला सर्वांना कळणारा क्षार. लोहामुळे चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात. पण साधारणपणे बोरिंगच्या पाण्यात असते तेवढ्या लोहाने माणूस आजारी पडत नाही. खरा धोका फ्लोराइडचा. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे मानक सांगते. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातले फ्लोराइड या मर्यादेपलीकडे जाते. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात.

येथे दोन पाण्यांमधला महत्त्वाचा फरक लक्षात येतो. नाल्याच्या पाण्यात क्षार कमी आणि जंतू जास्त. बोरिंगच्या पाण्यात जंतू कमी, पण क्षारांचा भरवसा नाही. जंतूंचा बंदोबस्त घरात करता येतो. पाणी निवळू द्यावे, गढूळ असेल तर तुरटी फिरवावी, दुहेरी कापडाने गाळावे आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. फ्लोराइडचे तसे नाही. ते उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. ती उपयोगी आहे, पण मात्रा मोजून आणि गाळ नीट काढून टाकून वापरावी लागते. त्यामुळे ज्या गावात बोरिंगला फ्लोराइड जास्त आहे, त्या गावासाठी जवळचा झरा किंवा नाला हा टाकून देण्याचा स्रोत नसतो. झऱ्याच्या मुखाशी बंदिस्त टाकी बांधून, गाळून आणि क्लोरीन मिसळून तेच पाणी नळाने गावात आणता येते. कोणते पाणी चांगले याचे उत्तर गावागणिक बदलते. ते डोळ्यांनी किंवा जिभेने नाही, तर तपासणीने ठरवायचे असते.

बाटली काळी पडली तर

तपासणी म्हणजे शहरातली मोठी प्रयोगशाळा, असे वाटून गावे मागे राहतात. प्रत्यक्षात पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेली कागदी पट्टी असलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरायचे आणि ती सावलीत, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. विष्ठेतल्या घाणीबरोबर येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि त्यामुळे बाटलीतले पाणी काळे पडते. वाचता न येणाऱ्यालाही हा निकाल कळतो. पाणी काळे पडले नाही म्हणजे ते शंभर टक्के शुद्ध असे नव्हे. पण काळे पडले तर ते औषध न टाकता पिऊ नये, हे निश्चित. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात गावपातळीवर जलसुरक्षक असतो. सार्वजनिक स्रोतात टीसीएल पावडर टाकणे आणि पाण्याचे नमुने पाठवणे हे त्याचे काम. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत हे नमुने तपासले जातात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा पिण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आणि का, हे ग्रामसभेत विचारणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. हे सर्वेक्षण होते ते सार्वजनिक विहिरी, हातपंप आणि नळयोजनांचे. लोक प्रत्यक्षात नाल्याचे पाणी पीत असतील, तर ते यादीत येत नाही. त्यामुळे तपासलेले पाणी एक आणि प्यालेले दुसरे, असे होऊ शकते. ग्रामसभेत ही गोष्ट बोलली गेली, तरच नाल्याचा नमुना प्रयोगशाळेत पोचेल.

नाल्याची स्वतःची साक्षही असते. वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटून पाहावा. त्याच्या खालच्या बाजूला मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांच्या चपट्या अळ्या किंवा वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे आणि सेंद्रिय घाण कमी आहे. त्याऐवजी गाळात लाल, दोऱ्यासारख्या अळ्याच वळवळत असतील, तर प्राणवायू घटला आहे. या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. कमी प्राणवायूत जगण्याची ती त्यांची सोय. शाळेतली मुले ही पाहणी तासाभरात करू शकतात. यातून रोगजंतू कळत नाहीत, पण नाल्याची प्रकृती कळते. वर्षातून दोनदा, त्याच जागी, त्याच पद्धतीने वहीत नोंद केली तर बदल लगेच लक्षात येतो.

इलाज वरच्या अंगाला

डॉक्टर लघवी आणि रक्त तपासून शरीरात काय चालले आहे याचा अंदाज घेतात, तसा नाल्याच्या पाण्यावरून डोंगराचा घेता येतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूक या जंगलात १९६३ पासून शास्त्रज्ञांनी छोट्या नाल्यांचे पाणी नियमित मोजायला सुरुवात केली. १९६५ मध्ये त्यांनी एका नाल्याच्या पाणलोटातली सगळी झाडे प्रयोगासाठी तोडली आणि पुढे तेथे झाडोरा वाढू दिला नाही. नाल्यातला प्रवाह वाढला, पण त्यासोबत पाण्यातले नायट्रेट शेजारच्या न तोडलेल्या जंगलातल्या नाल्याच्या तुलनेत चाळीसपटींहून अधिक झाले. झाडांची मुळे जे नत्र धरून ठेवत होती, ते सारे नाल्यातून वाहून गेले. पाण्याची गुणवत्ता पाण्यात नव्हे, जंगलात राखली जाते, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखवले.

ते जंगल थंड हवामानातले, गडचिरोलीचे मोह-तेंदूचे आणि बांबूचे. आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण तत्त्व तेच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. जंगलाचे व्यवस्थापन हाती आले म्हणजे त्या जंगलातले नालेही हाती आले. नाल्याच्या उगमाजवळ चराई कोठे थांबवायची, काठावरची झाडे तोडू द्यायची की नाही, दगडी बांध कोठे घालायचे, डोहात विष टाकणाऱ्याला कसे अडवायचे, हे ठरवण्याचा अधिकार आता तिथे राहणाऱ्यांकडे आहे.

दुसरीकडे जिल्ह्यात रस्ते रुंदावत आहेत आणि सुरजागड परिसरात लोहखनिजाचे उत्खनन होते आहे. डोंगर उकरला की मोकळी माती पहिल्या पावसात नाल्यात उतरते, हे कोणत्याही उत्खननाला लागू आहे. ते रोखण्यासाठी गाळ अडवणारी तळी आणि बांध लागतात. ती पुरेशी आहेत की नाहीत, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायचे तर आधीचे पाणी कसे होते, याची नोंद हाताशी असावी लागते. ज्या नाल्याची आधीची नोंदच नाही, त्याचे पाणी बिघडले असे म्हणणाऱ्याकडे पुरावा नसतो आणि बिघडले नाही असे म्हणणाऱ्याकडेही नसतो.

म्हणून शाळेच्या वहीतल्या दोन ओळींनाही किंमत आहे. तारीख, जागा, पाण्याचा रंग, दगडाखाली काय दिसले, बाटली काळी पडली की नाही. पुढच्या जूनमध्ये पहिली सर कोसळेल तेव्हा नाला पुन्हा तांबडा होईल आणि कार्तिकात पुन्हा निवळेल. गुंड घेऊन वाट उतरणाऱ्या बाईला तेव्हा त्या पाण्याबद्दल डोळ्यांना दिसते त्याहून थोडे अधिक ठाऊक असावे, एवढी सोय करायला फार खर्च येत नाही.